कॅबट ट्रेल पहिल्यांदा करताना: पठार, कडे आणि भूशिरे कशी पाहावीत

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशा प्रांताच्या ईशान्य टोकाला केप ब्रेटन नावाचे बेट आहे आणि त्या बेटाच्या उत्तर भागाला वळसा घालणारा २९८ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता कॅबट ट्रेल या नावाने ओळखला जातो. नकाशावर हे अंतर पाहिले की नवख्या माणसाला वाटते, सकाळी निघावे आणि रात्री जेवायला परत यावे. मीही पहिल्या खेपेस तसेच केले. सहा-सात तास गाडी चालवली, चार ठिकाणी उतरून छायाचित्रे काढली, आणि परत आल्यावर एवढेच आठवत होते की डोंगर होते आणि समुद्र होता. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे दुसऱ्या खेपेस लक्षात आले. या बेटावर समुद्राच्या कडेला डोंगररांग उभी नाही. एक सपाट माथ्याचे जुने पठार थेट समुद्रापाशी येऊन तुटलेले आहे. ते जिथे सरळ तुटले तिथे कडा आहे, जिथे त्याचा चिवट भाग पाण्यात पुढे राहिला तिथे भूशिर आहे, आणि जिथे नदीने ते चिरले तिथे दरी आहे. रस्ता या पठारावर चढतो, पुन्हा समुद्रसपाटीला उतरतो, आणि असे तो अनेकदा करतो. एवढे मनात ठेवले तर कुठे थांबायचे आणि कुठे नुसते पुढे जायचे, हे ठरवणे सोपे जाते.

निघण्यापूर्वी

प्रांताची राजधानी हॅलिफॅक्स येथून येणाऱ्यांना कॅन्सो कॉजवे ओलांडावा लागतो. १९५५ साली खुल्या झालेल्या या दगडी बांधामुळे बेट मुख्य भूमीशी रस्त्याने जोडले गेले. तिथून पुढे सुमारे तासाभराने बॅडेक हे टुमदार गाव लागते आणि बहुतेक लोक तिथूनच वर्तुळ सुरू करतात. या प्रवासाला किमान दोन मुक्काम द्यावेत: एक पश्चिम किनाऱ्यावर शेटिकॅम्पच्या आसपास आणि दुसरा पूर्वेला इंगोनिश येथे. यामागे सोयीइतकाच उजेडाचाही हिशेब आहे. पश्चिम किनाऱ्यासमोर सेंट लॉरेन्सचे आखात आहे, म्हणून तिकडचे कडे दुपारनंतर उजळतात आणि सूर्य समोर पाण्यात बुडतो. पूर्वेला मोकळा अटलांटिक आहे आणि तिकडच्या खडकांवर सकाळचे ऊन पडते. उलट वेळी गेल्यास कडे सावलीत असतात आणि छायाचित्रात काळ्या भिंतीसारखे येतात.

मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बहुतेक सोयी चालू असतात. पानगळीचे रंग ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन भरात येतात, पण त्या दिवसांत राहण्याची जागा आयत्या वेळी मिळेल असे धरून चालू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा असतो आणि समुद्रात पाय बुडवण्याइतपत पाणी सुसह्य असते. मे महिना स्वस्त आणि शांत असला तरी पठारावर तेव्हा बर्फाचे तुकडे शिल्लक असू शकतात आणि काही पायवाटा ओल्या असतात.

या रस्त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग केप ब्रेटन हायलँड्स राष्ट्रीय उद्यानातून जातो. १९३६ साली स्थापन झालेले हे उद्यान सुमारे ९५० चौरस किलोमीटरचे आहे. उद्यानातले थांबे आणि पायवाटा वापरण्यासाठी प्रवेशपत्र घ्यावे लागते. शेटिकॅम्प आणि इंगोनिश या दोन्ही प्रवेशद्वारांपाशी माहिती केंद्र आहे. तिथे कागदी नकाशा अवश्य मागून घ्यावा, कारण उद्यानात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि फोनवरचा नकाशा नेमका वळणाच्या तोंडाशी गोठतो. पेट्रोलची टाकी बॅडेकला भरावी, शेटिकॅम्पला पुन्हा भरावी आणि काटा निम्म्यावर येण्याची वाट पाहू नये.

दिशा कोणती धरावी

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो आणि त्याचे उत्तर गाडी कोण चालवणार यावर अवलंबून आहे. कॅनडात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे पश्चिम किनाऱ्याने वर जाऊन पूर्वेने खाली आल्यास तुमची गाडी डोंगराच्या बाजूला राहते आणि दरीची बाजू पलीकडच्या मार्गिकेत जाते. उलट दिशेने गेल्यास तुम्ही समुद्राच्या बाजूला असता, दृश्य अधिक मोकळे दिसते आणि दृश्य पाहण्याचे थांबे आपल्याच हाताला येतात. ज्यांना उंचीची धास्ती वाटते किंवा ज्यांची डाव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय अजून मोडलेली नाही, त्यांनी पहिल्यांदा घड्याळाच्या दिशेनेच जावे, असे माझे मत आहे.

त्यात एक धोका मात्र आहे. या दिशेने जाताना समुद्राकडचे थांबे डाव्या हाताला येतात, म्हणजे समोरून येणारी मार्गिका ओलांडून आत वळावे लागते. वळताना माणूस सावध असतो. चूक होते ती निघताना. दहा मिनिटे समुद्र पाहून, वाऱ्याने कान बधिर झालेल्या अवस्थेत आपण गाडीत बसतो, रस्ता मोकळा दिसतो आणि जुन्या सवयीने गाडी जवळच्या, म्हणजे चुकीच्या मार्गिकेत शिरते. शेजारी बसणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक थांब्यावरून निघताना ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे, हा आमच्या घरातला नियम आहे आणि त्याचा उपयोग किमान दोनदा झालेला आहे.

पहिला दिवस: पश्चिमेचे कडे

बॅडेकहून निघाल्यावर रस्ता मार्गरी नदीच्या खोऱ्यातून जातो. हा भाग हिरवा, रुंद आणि निवांत आहे; इथे फार रेंगाळू नये. समुद्र दिसू लागला की शेटिकॅम्पचा परिसर सुरू होतो. ही अकेडियन, म्हणजे फ्रेंच भाषक लोकांची वस्ती आहे, आणि गावातले सेंट पीटरचे उंच मनोऱ्याचे चर्च दुरूनच दिसते. या किनाऱ्यावर ‘सुएत’ नावाचे वारे वाहतात. आग्नेयेकडून येणारी हवा पठार ओलांडून उतारावरून खाली घसरते, तिला वेग येतो, आणि त्या वेगाची नोंद ताशी २०० किलोमीटरच्या वर गेलेली आहे. असे वारे बहुधा थंडीच्या मोसमात येतात, तरी हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा इशारा असेल तर गाडीचे दार उघडताना ते हाताने धरून ठेवावे. दार उलटे फिरून बिजागरी वाकणे हा इथला नेहमीचा अपघात आहे.

उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून पुढची काही किलोमीटर हा माझ्या मते संपूर्ण रस्त्याचा सर्वात देखणा तुकडा आहे. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला आखात, आणि मधल्या अरुंद पट्टीवरून जाणारा रस्ता. इथे काप रूजच्या थांब्यावर उतरून मागे वळून पाहावे. समुद्रालगत जी गवताळ, उघडी जमीन दिसते तिथे पूर्वी वस्ती होती. उद्यान स्थापन करताना इथल्या अकेडियन कुटुंबांच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि त्यांना उठावे लागले. ले बुतेरो या छोट्या पायवाटेवर त्यांच्या घरांचे पाये अजून दिसतात. सौंदर्य पाहायला आलेल्या माणसाने ही वाट चालावी, असे मी आग्रहाने सांगेन. मोकळे रान कसे मोकळे झाले हे तिथे कळते.

त्यानंतर रस्ता फ्रेंच माउंटनचा घाट चढू लागतो. माथ्यावर तो साडेचारशे मीटरच्या आसपास पोहोचतो आणि तिथे पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळतो, कारण इतके चढून आल्यावर शिखर दिसायला हवे, तर समोर सपाट माळ असतो. हेच ते पठार. एके काळच्या उंच डोंगरांची कोट्यवधी वर्षे झीज होऊन ते सपाट झाले, पुढे हा सगळा भाग उचलला गेला आणि नद्यांनी त्याच्या कडा चिरल्या. प्रांतातले सर्वात उंच ठिकाण, व्हाइट हिल, याच पठारावर आहे आणि त्याची उंची सुमारे ५३० मीटर आहे. पण ते रस्त्यावरून दिसत नाही आणि दिसले तरी टेकडी म्हणून ओळखू येणार नाही.

माथ्यावर ‘द बॉग’ नावाची अर्ध्या किलोमीटरची फळ्यांची वाट आहे. वीस मिनिटांत ती होते आणि म्हणून अनेक जण ती सोडून देतात. सोडू नये. इथे वाकून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ओल्या शेवाळात घटपर्णीची जांभळट पेलेवजा पाने अर्धी रुतलेली असतात. त्यांत पावसाचे पाणी साचते, आतल्या बाजूचे केस खाली वळलेले असतात, आणि आत गेलेल्या किड्याला वर चढता येत नाही. शेवाळाच्या आम्ल पाण्यात अन्नद्रव्ये फारशी नसल्यामुळे या वनस्पतीने ही दुसरी सोय केलेली आहे. बाजूला गुडघ्याएवढी सूचिपर्णी झाडे दिसतात. ती रोपे नव्हेत; थंडी, वारा आणि निकस जमीन यांमुळे खुजी राहिलेली जुनी झाडे आहेत.

स्कायलाइनची पायवाट

ही वाट फ्रेंच माउंटनच्या माथ्यावरूनच निघते आणि सगळ्या ट्रेलवर सर्वाधिक गर्दी हिच्यावर असते. जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर, आणि पूर्ण वळसा घेतल्यास ८.२ किलोमीटर. चढ जवळजवळ नाही, कारण चढण्याचे काम गाडीने आधीच केलेले असते. सुरुवातीचा बराच भाग साधा आहे. मग झाडे विरळ होतात आणि पठाराची एक लांब सोंड समुद्राकडे उतरताना दिसते. तिच्यावरून लाकडी पायऱ्यांची वाट खाली जाते. खाली कड्याच्या पोटाला चिकटलेला कॅबट ट्रेल दोरीसारखा दिसतो. तासाभरापूर्वी आपण ज्या रस्त्यावर होतो तो वरून पाहिला की पठार, कडा आणि समुद्र यांची मांडणी एका नजरेत उलगडते, आणि म्हणून गर्दी असली तरी ही वाट करावी. सूर्यास्ताला आलेल्यांनी डोक्याला बांधायचा दिवा आणावा, कारण परतीची वाट अंधारात करावी लागते.

फळ्यांवरून खाली उतरू नये. तिथली झुडपे वाऱ्यात कशीबशी तग धरून असतात आणि पायाखाली आलेली पुन्हा उगवायला फार वर्षे घेतात. वाटेत कुंपण घातलेला जंगलाचा तुकडा लागतो, त्याची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात एका किडीच्या उद्रेकाने इथली फर वृक्षांची जंगले मोठ्या प्रमाणावर मेली. एरवी ती पुन्हा वाढली असती. परंतु १९४७-४८ मध्ये अल्बर्टा प्रांतातून आणून सोडलेल्या मूस या हरणांची संख्या तोवर वाढत चालली होती आणि नवी रोपे ते खाऊन टाकू लागले. जंगलाच्या जागी गवत आले. कुंपणाच्या आत झाडे वाढलेली आणि बाहेर गवताळ माळ, हा फरक दोन पावलांच्या अंतरावर पाहायला मिळतो.

मूस हा हरणांच्या कुळातला सर्वात मोठा प्राणी. पूर्ण वाढलेला नर चारशे किलोंच्या पुढे जातो. पायवाटेवर दिसल्यास थांबावे, लांब राहावे आणि त्याला जाऊ द्यावे. खरी भीती रस्त्यावर आहे. त्याचा रंग गडद असतो आणि पाय इतके उंच असतात की डोळे बहुधा गाडीच्या दिव्यांच्या झोताच्या वर राहतात, त्यामुळे अंधारात चमकणारे डोळे दिसतील ही अपेक्षा चुकीची ठरते. धडक झाली तर त्याचे अंगच काचेवर येते. म्हणून दिवस मावळल्यावर पठारावर वेग कमी ठेवावा. कोयोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीचे प्राणीही इथे आहेत. २००९ साली याच वाटेवर त्यांच्या हल्ल्यात एका तरुणीचा मृत्यू झाला होता. असे फार क्वचित घडते, तरी एकट्याने चालू नये, हाती काठी असावी, कोयोटी समोर आल्यास पळू नये, मोठा आवाज करत हळूहळू मागे सरावे.

दुसरा दिवस: घाट, भ्रंश आणि उत्तर टोक

मॅकेंझी माउंटन उतरताना आणि पुढे नॉर्थ माउंटन उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडता येतो; उतार सुरू होण्यापूर्वीच तो निवडावा, इंजिनाने गाडी धरावी आणि ब्रेक अधूनमधून दाबावा. जळक्या रबरासारखा वास आला तर पहिल्या सुरक्षित थांब्यावर गाडी उभी करून ब्रेक थंड होऊ द्यावेत.

दोन्ही घाटांच्या मध्ये प्लेझंट बे हे मच्छीमारांचे गाव आहे. उन्हाळ्यात इथून देवमासे पाहण्यासाठी बोटी सुटतात आणि पायलट व्हेल कळपाने दिसतात. गावापलीकडे ग्रांद आन्सच्या दरीत लोन शीलिंग नावाची झोपडी आहे. स्कॉटलंडमधल्या मेंढपाळांच्या दगडी झोपडीची ती प्रतिकृती आहे, कारण या बेटावर स्कॉटिश हायलँड्समधून आलेल्या गेलिक भाषक लोकांची मोठी वस्ती झाली. झोपडीपेक्षा तिच्याभोवतीची मेपलची झाडे पाहावीत. त्यांतली काही सुमारे ३५० वर्षांची आहेत. पठारावरच्या खुज्या झाडांनंतर काही किलोमीटरांवरच हे उंच, पानझडी जंगल येते, याचे कारण दरीतला आडोसा आणि सकस माती.

नॉर्थ माउंटन पूर्वेकडे उतरताना डाव्या बाजूला दरीची भिंत पट्टीने आखल्यासारखी सरळ जाताना दिसते. नदी स्वतःच्या मर्जीने इतकी सरळ वाहत नाही. इथे अ‍ॅस्पी भ्रंश आहे, म्हणजे जमिनीच्या कवचातली जुनी भेग. तिच्या बाजूचा दगड पिचलेला असल्यामुळे नदीने तीच वाट धरली. हे दृश्य उतारावर, वळणांवर आहे, तेव्हा चालकाने ते थांब्यावर थांबूनच पाहावे.

केप नॉर्थ गावापासून मुख्य रस्ता सोडून उत्तरेला मीट कोव्हपर्यंत जाता येते. ही प्रांतातली सर्वात उत्तरेची वस्ती. वाटेत कॅबट लँडिंग येथे जॉन कॅबट या दर्यावर्दीचे स्मारक आहे. १४९७ साली तो अटलांटिक ओलांडून या भागात आला, पण नेमका कुठे उतरला याविषयी एकमत नाही, आणि न्यूफाउंडलंडचे लोक तो आपल्याकडेच उतरला असे ठामपणे म्हणतात. मीट कोव्हच्या रस्त्याचा शेवटचा टप्पा कच्चा, अरुंद आणि चढ-उतारांचा आहे. भाड्याची गाडी असल्यास कच्च्या रस्त्याबद्दल करारात काय लिहिले आहे ते आधी वाचावे. पावसात जाऊ नये. जायचे नसेल तर त्याऐवजी व्हाइट पॉइंटकडचा किनारी रस्ता धरावा. तिथे गवताने झाकलेले एक उघडे भूशिर आहे आणि टोकापर्यंत चालत जाता येते.

पूर्वेची भूशिरे

नील्स हार्बरच्या दक्षिणेला समुद्र आणि रस्ता यांच्यामध्ये गुलाबी दगड दिसू लागतो. ग्रीन कोव्ह येथे उतरून तो हाताने चाचपावा. हा सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे. जवळून पाहिल्यास गुलाबी फेल्डस्पारचे चपटे स्फटिक, काचेसारखा करडा क्वार्ट्झ आणि नखाने सोलता येतील असे अभ्रकाचे पापुद्रे वेगवेगळे ओळखता येतात. काही ठिकाणी फिकट रंगाच्या शिरा खडकाला आडव्या-तिडव्या छेदतात. मूळ खडक घट्ट झाल्यावर त्याच्या भेगांत नवा शिलारस शिरला, त्याच्या त्या खुणा. खडकाचा जो भाग काळसर आणि चकचकीत दिसतो तिथे पाऊल टाकू नये. तो ओला असतो, त्यावर शेवाळ असते, आणि तिथवर लाट पोहोचते हे त्याच्या रंगावरूनच समजावे. समुद्र शांत दिसला तरी मध्येच एखादी मोठी लाट येते.

इंगोनिशला मिडल हेड ही भूशिरावरची पायवाट आहे, जाऊन-येऊन सुमारे चार किलोमीटर. वेळ कमी असेल तर बाकी सगळे सोडून ही एक करावी. दोन उपसागरांच्या मध्ये घुसलेल्या या चिंचोळ्या पट्टीवर चालताना दोन्ही हातांना पाणी असते आणि भूशिर म्हणजे काय हे पायांना कळते. टोकाशी बसून लाटांकडे पाहावे. भूशिरापाशी पाणी उथळ होत जाते, लाटेचा तेवढा भाग मंदावतो आणि तिची रेघ भूशिराभोवती वाकते. त्यामुळे तिचा जोर टोकावर एकवटतो आणि आतल्या उपसागरात विखुरतो. टोकाला उघडा खडक आणि आत पुळण, अशी वाटणी यातूनच होते. इंगोनिशच्या पुळणीची वाळूही कायमची नाही. हिवाळ्यातल्या लाटा ती ओढून नेतात, खाली गोटे उघडे पडतात, आणि उन्हाळ्याकडे ती परत येते.

मिडल हेडच्या टोकावरून दक्षिणेला केप स्मोकी दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर बरेचदा ढगाची टोपी असते. नावही त्यावरूनच पडले. समुद्रावरची दमट हवा कड्याला आपटून वर सरकते, थंड होते आणि ढग बनते. तिसऱ्या दिवशी रस्ता याच कड्यावरून जातो. खाली स्वच्छ ऊन असताना वर दहा मीटरपलीकडचे दिसत नाही, असे इथे आणि फ्रेंच माउंटनवर सर्रास होते. अशा वेळी गाडीचे दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, कारण वरचा झोत धुक्यावरून परतून डोळ्यांवर येतो. रस्त्याच्या मध्ये गाडी थांबवू नये, आणि घाई नसेल तर पायथ्याशी तासभर थांबावे. दुपारपर्यंत ढग बहुधा उचलतो. नाही उचलला, तर माथ्यावरचे थांबे सोडून देऊन मिडल हेड किंवा ग्रीन कोव्हला पुन्हा जावे, कारण ढग पठाराला धरून बसलेला असतो आणि पाण्याच्या पातळीवर, त्याच्या खाली, कड्यांचे पाय मोकळे दिसतात.